इराईचे ओरखडे

लहानपणी मनमाड जंक्शनवर इंजिन धडधडत आले की कोळशाची कणी हमखास डोळ्यांत जाई. भोवती अंकाई-टंकाईचा काळा कातळ. बर्फ ठाऊक तो गोळ्याचाच! पुढे चांदा जिल्ह्यातल्या इराई गावाविषयी वाचले नि चकित झालो. तेथे पैनगंगेकाठी चुनखडकावर हिमनदीने रेटत नेलेल्या धोंड्यांचे ओरखडे आढळले होते. भूगर्भखात्याच्या फेडनसाहेबांनी १८७५ साली ते प्रसिद्ध केले. वय सुमारे ३० कोटी वर्षे! पुढे हवा ऊबदार झाली, हिम हटले, गोटे उरले, त्यांवर अरण्ये माजली. तीच गाडली जाऊन वर्धा खोऱ्यातला कोळसा झाली. ते हिम हटायला लक्षावधी वर्षे लागली. असलाच कोळसा जगाने जाळला, हवा तापली. आणि गंगोत्रीची हिमनदी १९३५ पासून दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली आहे.