हाकेला धावणारा माणूस

जुन्या शिवमंदिराच्या आवारात किंवा गावच्या वेशीजवळ उभा असलेला कोरीव दगड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, कधी त्याच्याजवळ गुरे, वरती लढाई, त्याच्यावर त्या वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. हाच वीरगळ. हे सगळेच वीर काही राजाच्या लढाईत पडले नाहीत. गावची गुरे वळवून नेणाऱ्या टोळीला जो आडवा गेला, त्याचाही दगड उभा राहिला. कर्नाटकातल्या काही वीरगळांवर तर मेलेल्याच्या घरच्यांना जमीन दिल्याचा लेख आहे. म्हणजे त्याच्यामागे त्याचे घर सांभाळणे, हे ऋण मानले जात होते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. दगड मेलेल्याचा उभारतात. जो धावला आणि जगला, त्याचा दगड नसतो. त्यामुळे आपली समजूत अशी होऊन बसते, की दुसऱ्यावरच्या संकटात पडायचे म्हणजे जिवावर उदार व्हायचे, नाहीतर मुकाट्याने दार लावून घ्यायचे. या दोहोंच्या मधली वाट आपल्या गावांना ठाऊक होती.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या राखणदाराचे काम सांगितले आहे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा, शिवेपर्यंत जायचे, आणि पावलांचे माप पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचे. पुढचा माग त्याने काढायचा. माग जिथे थांबेल, त्या गावावर जबाबदारी. एकट्याने चोराच्या मागे रानोमाळ धावायचे नाही. काम या हातातून त्या हातात जायचे.

अर्थात या व्यवस्थेला काळी बाजूही होती. रात्रीचा धोका ज्यांच्या वाट्याला आला ते महार, रामोशी यांच्यासारखे लोक, आणि त्यांना मोबदला मिळे तो तुटपुंजा. वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी एकाच समाजाने जीव धोक्यात घालावा, हा कुठला न्याय?

शहरातली एक हकीगत सांगतो. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. बरोबरच्या मुमताज बेगमला पळवून न्यायचा बेत होता. तेवढ्यात गॉल्फ खेळून परतणारे काही लष्करी अधिकारी तिथे येऊन पोचले. लेफ्टनंट सेगर्ट यांना गोळ्या लागल्या, तरी ते मागे हटले नाहीत. बावला वाचला नाही, पण मुमताज वाचली. या प्रकरणाच्या पायी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना १९२६ साली गादी सोडावी लागली. इथे शौर्य होतेच. पण धावणारे एकटे नव्हते आणि शिकलेले शिपाई होते, हेही विसरू नये.

कायदा काय म्हणतो? आपल्याप्रमाणेच दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क १८६० च्या दंडसंहितेने दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. मात्र बचावापुरतेच बळ वापरायचे, जास्त नाही. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र असा दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो. पण विनाकारण वेळ न लावता, फार तर सहा तासांत त्याला पोलिसांच्या हवाली केले पाहिजे.

आणि धरला म्हणजे मारायचा नाही! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. हाकेला धावणारा गाव तो हा नव्हे.

तेव्हा करायचे काय? आधी मोठ्याने ओरडून माणसे जमवा. ११२ वर फोन लावा, पोलीस पाटलांना कळवा. हत्यारबंद माणसाच्या अंगावर एकट्याने जाऊ नका. त्याला पळायला वाट असू द्या, मात्र चेहरा, कपडे, गाडीचा नंबर नीट ध्यानात ठेवा. जखमीला आधी सांभाळा. मग साक्षीला उभे राहा. साक्षीदारांच्या संरक्षणाच्या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली आहे. भीती वाटत असेल तर तसे संरक्षण मागता येते.

शिक्षकबंधुभगिनींनी मुलांना वीरगळ जरूर दाखवावा. त्याबरोबर हेही सांगावे, की तो माणूस धावला तेव्हा आणखी दहाजण त्याच्या पाठोपाठ निघाले असते, तर कदाचित तो दगड उभारायची वेळच आली नसती.