विशीत चढत नाही, साठीत दोन पेगमध्येच चढते; वयानुसार दारूचा परिणाम का बदलतो?

"पूर्वी चार पेग सहज पचायचे, आता दोनमध्येच डोकं जड होतं." पन्नाशी ओलांडलेल्यांच्या गप्पांमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुसरीकडे, "मला चढतच नाही" असं कॉलेजच्या वयातली मुलं फुशारकीनं सांगतात. वयानुसार दारूचा परिणाम बदलतो, हे खरं आहे. पण चढत नाही म्हणजे अपायही होत नाही, हा समज चुकीचा आहे.

कमी वयात दारू कमी का चढते?

अल्पवयीन मुलांना दारू देऊन प्रयोग करता येत नाहीत. त्यामुळे याबद्दलची बरीचशी माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून मिळाली आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात लिंडा स्पिअर यांनी या विषयावर अनेक वर्षं संशोधन केलं. किशोरवयीन उंदरांना गुंगी येणं, तोल जाणं आणि हँगओव्हरसारखा त्रास प्रौढ उंदरांपेक्षा कमी होतो, असं त्यात दिसलं. मात्र, थोड्या दारूनंतर इतरांमध्ये मिसळण्याचा उत्साह त्यांच्यात जास्त वाढतो.

गुंगी आणि तोल जाणं हे खरं तर 'आता थांब' असं सांगणारे इशारे आहेत. ते उशिरा मिळाले तर जास्त प्यायली जाते. त्यात मेंदूचा निर्णय घेणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. म्हणजे इशारा कमजोर आणि स्वतःला आवरणारा भागही अजून कच्चा.

अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १५ वर्षांच्या आत दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी व्यसनाच्या आहारी गेले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. यात घरातलं वातावरण आणि आनुवंशिकता यांचाही वाटा असू शकतो.

महाराष्ट्रात व्हिस्की, रमसारख्या कडक दारूसाठी किमान वय २५ वर्षं आहे.

वय वाढल्यावर लवकर का चढते?

मुख्य कारण आहे शरीरातलं पाणी. दारू शरीरातल्या पाण्यात मिसळते. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं. उतारवयात स्नायू घटतात, चरबी वाढते आणि हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येतं. स्त्रियांमध्ये ते मुळातच कमी असतं.

म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तरुणपणी सुमारे ४२ लिटर पाणी असेल, तर म्हातारपणी ३५ लिटर. वजन तेच, पेगही तेवढेच, पण रक्तातलं दारूचं प्रमाण साधारण २० टक्के जास्त.

त्यात औषधांची भर पडते. झोपेच्या गोळ्यांसोबत दारू घेतली तर गुंगी धोकादायकरीत्या वाढू शकते. मधुमेहाच्या काही औषधांसोबत घेतल्यास साखर एकदम खाली येऊ शकते. तोल जाऊन पडलं, तर या वयात हाड मोडण्याची भीतीही मोठी असते.

वयस्कांना ते जाणवतं का?

नेहमीच नाही. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण आणि पन्नाशीपुढच्या लोकांना मोजून दारू देण्यात आली. त्यानंतर दिलेल्या चाचणीत वयस्क जास्त मंदावले, पण आपल्यावर परिणाम झाल्याचं त्यांना तरुणांपेक्षा कमी जाणवलं.

मग 'पचवण्याची सवय' म्हणजे काय?

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो. त्यामुळे तो नशेत असल्यासारखा दिसत नाही. पण यकृत, हृदय आणि मेंदूपर्यंत दारू पोहोचतच असते. तेवढाच परिणाम जाणवण्यासाठी जास्त दारू लागणं, हे व्यसनाच्या लक्षणांपैकी एक मानलं जातं.

कायदाही जाणवण्यावर चालत नाही. भारतात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं, तर गाडी चालवणं गुन्हा आहे. मग चालकाला 'चढली' असो वा नसो.

दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही जे पितात, त्यांनी जुन्या हिशेबावर विसंबू नये. साठी जवळ आली असेल किंवा नवीन औषध सुरू झालं असेल, तर आपण किती दारू पितो हे डॉक्टरांना न लपवता सांगावं.