विजयाचा जाब

पराभवाचा जाब सेनापतीला द्यावा लागतो, हें नेहमींचेंच. पेंग देहुआई यांना मात्र एका विजयाचा जाब जन्मभर पुरला. २० ऑगस्ट १९४० च्या रात्रीं त्यांच्या आज्ञेनें चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेनें उत्तर चीनमधील जपानी ताब्यांतल्या लोहमार्गांवर एकदम घाला घातला. योजिल्या होत्या २२ पलटणी, लढल्या १०५! रूळ उखडले गेले, पूल उडाले, जिंगशिंगची कोळशाची खाण कित्येक महिने बंद पडली. जपान्यांनीं सूड उगविला तो खेड्यांवर. ठार मारा, जाळा, लुटा या त्रिसूत्रीनें पुढील दोन वर्षांत गांवेंच्या गांवें ओसाड झालीं.

१९५९ सालीं माओंची मर्जी गेल्यावर ठपका पुन्हा वर निघाला: लपविलेलें बळ पेंग यांनीं अवेळीं शत्रूस दाखविलें! कैदेंत लिहिलेल्या जबानींत त्यांनीं मंजुरीची वाट न पाहिल्याची चूक मान्य केली. मोहीम मात्र चुकीची मानली नाहीं. आम्हांस त्यांची बाजू पटते. फ्रान्स शरण गेला होता, राजधानी चुंगकिंगवर बाँब पडत होते. अशा वेळीं स्वस्थ बसणें म्हणजे चीन झुकला असेंच जगाला सांगणें होतें. फिर्यादीचा खरा हक्क होता तो जळालेल्या खेड्यांतील शेतकऱ्यांचा. आरोपाचा भर राहिला तो सैन्याच्या बळावर. पेंग १९७४ सालीं कैदेंतच वारले. पक्षानें त्यांचा मान परत दिला तो १९७८ सालीं.