हमीदा बानू : जिंकूनही संशयित ठरलेले शरीर

१/९
फेब्रुवारी १९५४. साधारण तिशीच्या हमीदा बानू या स्त्री पहिलवानाने पुरुष मल्लांना आव्हान दिले : जो मला कुस्तीत हरवील, त्याच्याशी मी लग्न करीन. ही कथा सर्वपरिचित आहे. त्यांच्या बलदंड देहाकडे त्या काळाने कसे पाहिले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. #थ्रेड #इतिहास

२/९
मिर्झापूरच्या हमीदा बानू अलीगढला सलाम पहिलवान यांच्याकडे कुस्ती शिकल्या. पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना हरवून मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या. तेथे छोटे गामा यांनी ऐनवेळी माघार घेतली. मग बाबा पहिलवान उतरले आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट झाले.

३/९
वृत्तपत्रांना डावपेचांपेक्षा त्यांच्या देहाचेच कुतूहल अधिक होते. वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच. रोजचा खुराक : साडेपाच लिटरांहून अधिक दूध, सुमारे एक किलो मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, ६ अंडी, दोन थाळ्या बिर्याणी.

४/९
खुराकाच्या गोष्टी पुरुष मल्लांच्याही रंगवून सांगितल्या जात. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला होता. पण पुरुषाचा खुराक हा त्याच्या मेहनतीचा मान होता. स्त्रीचा तोच खुराक नवलाईचा, किंबहुना भीतीचा विषय झाला.

५/९
त्याच कोल्हापुरात हमीदा बानूंनी शोभासिंग पंजाबी यांना हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली. पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती तर स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्दच झाली.

६/९
बंदीविरुद्ध त्यांनी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले : बंदी स्त्री म्हणून नाही. आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते प्रतिस्पर्धी उभे करतात, अशा तक्रारी आहेत, म्हणून बंदी.

७/९
तिकीट लावून होणाऱ्या त्या काळच्या दंगलींत नुरा कुस्त्या होतच असत, त्यामुळे तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही. पण दोष आयोजकांचा, आणि रोजगार बुडाला तो हमीदा बानूंचा. शिवाय पुरुष जिंकला की बळाचा विजय आणि स्त्री जिंकली की बनाव, हा निवाडा प्रेक्षकांनी आधीच करून ठेवला होता.

८/९
लग्नाच्या पैजेचा अर्थही येथेच उलगडतो. पुरुषाला आस्मान दाखवणारी स्त्री समाजाला पचण्याजोगी व्हायची, तर तिला ‘जिंकून घेण्याजोगी वधू’ म्हणून मांडणे भाग होते. पैज अर्थात कोणीच जिंकली नाही. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री मल्लालाही त्यांनी मिनिटभराच्या आत हरवले.

९/९
पुढे त्यांनी युरोपात लढायचे ठरवले. कुटुंबीय व शेजारी सांगतात, की त्यांना रोखण्यासाठी सलाम पहिलवान यांनी मारहाण करून त्यांचे हातपाय मोडले. उत्तरायुष्यात कल्याणला दूध विकून त्यांनी गुजराण केली. १९८६ साली त्यांचे निधन झाले. फडात त्यांना कोणी रोखू शकले नाही. रोखले ते फडाबाहेरच्यांनी. खेळाडू मुलीच्या रुंद खांद्यांवर आजही शेरे मारले जातात, तेव्हा त्यामागे हाच जुना निवाडा बोलत असतो.