सिनॅप्स : अंतर राखून धरलेला हात

स्मरणशक्तीवरचा लेख असो की नैराश्यावरच्या गोळ्यांची माहिती, ‘सिनॅप्स’ हा शब्द हल्ली हमखास भेटतो. घडण ग्रीक: ‘सिन’ म्हणजे एकत्र, ‘हाप्टेन’ म्हणजे धरणे, स्पर्श करणे. चेतापेशी जिथे एकमेकींना भेटतात त्या जागेला शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांना नाव हवे होते; ग्रीकचे अभ्यासक आर्थर व्हेराल यांनी हे सुचवले आणि 1897 मध्ये ते छापून आले. तेव्हा कॅमिलो गोल्जी चेतासंस्थेला अखंड जाळे मानत, तर सांतियागो रामोन इ काहाल प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे सांगत.

1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांच्या बाजूने कौल दिला. पेशींमध्ये साधारण 20 नॅनोमीटरची फट दिसली. मग स्पर्शाचे नाव चुकले का? मला तसे वाटत नाही; फट असली तरी निरोप पलीकडे पोचतोच. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावले. निरोप रसायनाने पोचवला होता. धरायला दोघे वेगळेच असावे लागतात. एकजीव झालेल्यांना एकमेकांना धरता येत नाही. काही सिनॅप्समध्ये विद्युतसंदेश सूक्ष्म नळ्यांतून थेट जातो हे खरे, पण तिथेही दोन्ही पेशींची आवरणे स्वतंत्रच राहतात. आज हा शब्द केवळ जागा दाखवत नाही. ‘सिनॅप्स बळकट झाले’ असे म्हणताना आपण शिकण्याच्या प्रक्रियेबद्दलच बोलत असतो.