हिंगोलीचे ठग आणि काळ्या पाण्याचा कायदा

काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाला अंदमान आठवते आणि अंदमान म्हटले की १९११ साली तेथे नेलेले सावरकर. राजबंद्यांनी आठवणी लिहिल्या, त्या वाचल्या गेल्या. परंतु समुद्रापार धाडलेल्या कैद्यांत राजबंदी थोडेच. बाकीचे हजारो लोक खून, दरोडा, वाटमारी यांसाठी गेले. बहुतेकांना अक्षर येत नव्हते. त्यांची बाजू कागदावर आलीच नाही. या विसरलेल्या इतिहासाचे एक टोक आमच्या जुन्या परभणी जिल्ह्यात आहे.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. निजामी अमलात हैदराबाद कंटिन्जंटची छावणी येथे होती, ती १९०३ मध्ये उठली. ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम १८३३ च्या सुमारास कॅप्टन स्लीमनने ज्या ठिकाणी आरंभी हाती घेतली, त्यांत हिंगोली एक. निजामाच्या फौजेतील अधिकारी मेडोज टेलर याने ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिली, ती १८३९ साली निघाली. तिच्या प्रास्ताविकात हिंगोलीची खरी हकीकत आहे.

तेथील ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे म्हणून हरीसिंगाने जिल्ह्याचे अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे परवाना मागितला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचे होते आणि ते वाटेवर आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि गुराखी मारले, माल सरकारी परवान्यावर आणला आणि छावणीत उघड विकला. त्याच्या टोळीने छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली आणि जवळपास पुरली होती. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखविल्या, तेव्हा खड्डे उकरताना टेलर स्वतः हजर होता.

या माणसाकडे दुकान होते, पत होती, साहेबाच्या सहीचा कागद होता. पालावरच्या एखाद्या माणसाला तसला कागद कोणी दिला असता काय?

१८३१ ते १८३७ या काळात देशभर पकडलेल्या ३,२६६ ठगांचा तक्ता टेलरने दिला आहे. फाशी ४१२, पिनांग वगैरे ठिकाणी समुद्रापार १,०५९. फाशीच्या अडीचपट माणसे जहाजात चढविली गेली. मलायाच्या किनाऱ्यावरील त्या वसाहतींत जंगल तोडायला, रस्ते बांधायला मजूर हवेच होते. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च हिंदी कैद्यांच्या मजुरीवर उभे आहे. कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची चाल १८४९ मध्ये बंद झाली. तोवर 'ठग' हा शब्द कित्येकांच्या कातडीवर होता.

मला महत्त्वाचा वाटतो तो १८३६ चा तिसावा कायदा. अमुक दिवशी अमक्याला मारले हे सिद्ध करण्याची गरज त्याने ठेवली नाही. मनुष्य ठगांच्या टोळीचा होता, मग कंपनीच्या मुलखात असो की बाहेर, कायदा होण्यापूर्वी असो की नंतर, एवढे ठरले की जन्मभर सक्तमजुरी. कृत्याऐवजी 'तू कोणाचा?' हा प्रश्न न्यायालयात शिरला. आम्हाला हा प्रश्न नवा नाही. मनूच्या व्यवस्थेत तो शतकानुशतके विचारला गेला आहे.

याच तर्काने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येईल असा झाला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असे त्याचे समर्थन होते. जातिव्यवस्थेचे तत्त्वज्ञान साहेबाने असे उचलून घेतले. १९११ च्या कायद्यानुसार अशा जमातीचा माणूस ठरावीक गुन्ह्यांत तिसऱ्यांदा दोषी ठरला की त्याला जन्मठेप काळे पाणी. स्लीमनचा गाजलेला माफीचा साक्षीदार फिरंगिया ब्राह्मण होता, पण त्यावरून ब्राह्मणांची हजेरी कोणी घेतली नाही. हजेरी लागली ती पारधी, कैकाडी यांना.

आणखी एक गोष्ट. समुद्र ओलांडला की जात जाते, म्हणून हिंदूला ही शिक्षा फाशीहून भयंकर वाटते, असा अधिकाऱ्यांचा हिशेब होता. तो सवर्णांच्या भीतीवर बेतलेला होता. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याची कोणती जात बुडणार होती? त्याची बायको-पोरे आणि मुलूख तुटला, तो मात्र कायमचा.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेपेची कैद १९५५ च्या कायद्याने आली. भारतीय दंडसंहितेतील 'ठग' ही व्याख्या १ जुलै २०२४ पर्यंत टिकली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कैद्यांच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.