खांद्यावरचा मुकुट आणि रांझ्याच्या पत्रावरची मुद्रा

नौदलाच्या झेंड्यावरचा क्रॉस जाऊन तिथे शिवरायांच्या राजमुद्रेच्या आकाराची अष्टकोनी चौकट आली, त्याला काही वर्षं झाली. तरी डिसेंबरात नौदल दिन आला की आपल्याकडे तोच वाद पुन्हा पेटतो. एक गट म्हणतो, गुलामीची शेवटची खूण पुसली. दुसरा म्हणतो, झेंडे कसले बदलताय, जहाजं बांधा. दोन्हीकडच्या पोस्टी मी वाचतो आणि दोन्हीकडे या चिन्हांचा इतिहास काही सापडत नाही. म्हणून आज जरा लांबण लावतो. वेळ असेल तर वाचा.

सुरुवात खडकवासल्यापासून करू. धरणाच्या पाण्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आपण सगळे तिला एनडीएच म्हणतो. भूदल, नौदल, हवाई दल, तिघांची पोरं इथे एकत्र घडतात. म्हणून तिच्या चिन्हात तलवारी, नांगर आणि गरुड एकत्र आहेत, आणि ब्रीद आहे 'सेवा परमो धर्मः'. पंडित नेहरूंनी हिची पायाभरणी केली ६ ऑक्टोबर १९४९ ला. आता गंमत बघा. त्या दिवशी आपल्या लष्करातला मेजर खांद्यावर ब्रिटिश राजाचा मुकुट लावत होता. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं उलटली होती, तरीही. कारण कायद्याने आपण अजून डोमिनियन होतो आणि राजा होते सहावे जॉर्ज. मुकुट उतरला तो २६ जानेवारी १९५० ला. त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, 'रॉयल इंडियन नेव्ही'मधलं 'रॉयल' गळालं. झेंडा फडकवून राज्य बदलतं हे खरं, पण बिल्ले बदलायला राज्यघटना लागली.

आता धरणाच्या मागे जो सिंहगड दिसतो, त्याच्या पलीकडे खेड शिवापूरच्या बाजूला या. तिथे रांझे नावाचं गाव आहे. या गावच्या पाटलाने, बाबाजी गुजराने, 'बदअमल' केला म्हणून त्याचे हातपाय तोडायची शिक्षा झाली आणि पाटीलकी त्याच घराण्यातल्या दुसऱ्याकडे गेली. हे सांगणारं पत्र २८ जानेवारी १६४६ चं आहे. शिवरायांची अष्टकोनी मुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांत ते धरलं जातं. तेव्हा महाराजांना सोळावं वर्ष पुरं व्हायचं होतं. हातात होती वडिलांची पुणे जहागीर, तीसुद्धा आदिलशाहीच्या नावाने. राज्याभिषेक अजून अठ्ठावीस वर्षं लांब. आजूबाजूच्या दरबारांत फारसीचा दबदबा, आणि या पोराची मुद्रा संस्कृतात! प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, लोकांच्या कल्याणासाठी असलेली, असा तिचा आशय.

आजकाल जगात काही हौशी लोक शेतात नाहीतर समुद्रातल्या मोडक्या बुरुजावर 'देश' जाहीर करतात, स्वतःचे झेंडे नि सेनापतींचे बिल्ले काढतात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळचं सीलँड त्यातलं नावाजलेलं. १९६७ पासून एका जुन्या लष्करी बुरुजावर बसलंय, मान्यता कुणाचीच नाही. आपण हसतो. पण राज्याआधी मुद्रा, ही चाल नवी नाही. फरक एवढाच की रांझ्याच्या पत्रावर मुद्रा उमटली ती एका पाटलाच्या विरोधातल्या निकालाखाली. गावातल्या सगळ्यात दांडग्या माणसाला शिक्षा करून दाखवली, मग त्या आठ कोनांना लोक मानायला लागले. माझ्या मते आपण मुद्रेच्या आकारावर जेवढं बोलतो, त्याच्या निम्मं तरी त्या निकालावर बोलायला हवं.

उलटा प्रकार बघायचा तर १ जानेवारी १८७७ चा दिल्ली दरबार बघा. व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाली, त्याचा थाटमाट. लॉर्ड लिटनच्या सरकारने प्रमुख संस्थानिकांना युरोपी सरदारांच्या धर्तीवर ढाली आणि रेशमी निशाणं करून दिली. चिन्हं योजली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर नावाच्या अधिकाऱ्याने. निशाणं पितळी दांड्यांवर, इतकी जड की एकट्याला पेलणं मुश्कील. शिंद्यांचे नाग तेवढे बरे, त्यांच्या मूळपुरुषावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका घराण्यातलीच होती. पण ढाल, मुकुट, दोन बाजूंना उभे प्राणी, खाली ब्रीदाची फीत, हा साचा विलायतेचा. म्हणजे पानिपत आणि त्यानंतरचं दिल्लीचं राजकारण ज्यांच्या भगव्या-जरीपटक्याने पाहिलं, त्यांना आता निशाण सरकारकडून मिळत होतं. संस्थानिकांनी ते घेतलं आणि मिरवलंही. पुढे संस्थानी फौजांच्या टोप्यांवर अशीच चिन्हं चढली. संस्थानं विलीन झाल्यावर ती इतिहासजमा झाली. कोल्हापूरची राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीत सामावली गेली.

आझाद हिंदचं उदाहरण या दोन्हींत बसत नाही. नेताजींनी १९४२ मध्ये जर्मनीत असतानाच शेर-ए-हिंदसारखी पदकं ठरवली होती. तिथल्या फौजेच्या बाहीवर तिरंग्यावर झेपावणारा वाघ होता. पोस्टाची तिकिटंसुद्धा छापली गेली, वापरात कधी आली नाहीत. पायाखाली जमीन नव्हती, पण सैनिकाला आपण कुणाचे शिपाई हे कळायला काहीतरी हवं होतं. तो वाघ खोटा होता असं कोण म्हणेल?

मग १९५० च्या आधी नवी शौर्यपदकं करायची वेळ आली. ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस आता चालणार नव्हता. हे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांनी सोपवलं सावित्रीबाई खानोलकरांकडे. जन्म स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलचा, १९१३ चा, वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथे आल्या, मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. त्यांना सुचलं इंद्राचं वज्र, म्हणजे दधीची ऋषींनी देह सोडून दिलेल्या हाडांचं शस्त्र. परमवीर चक्र नुसतं कांस्याचं आहे, सोनं नाही, रत्न नाही. मधे अशोकस्तंभ, भोवती चार वज्रं, जांभळी फीत. (पदकावर भवानी तलवारही आहे असा मेसेज दरवर्षी फिरतो. सरकारी वर्णनात तलवार नाही. फॉरवर्ड करण्याआधी पदकाचा फोटो तरी बघत जा.)

हे पदक आपल्या परिसराला अनोळखी नाही. १९४८ च्या एप्रिलमध्ये राजौरीच्या रस्त्यावरचे सुरुंग काढणारे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे, ज्यांचं मुख्यालय खडकीत. जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले. आणि खडकवासल्यातून बाहेर पडलेल्या तिघांनी ते मिळवलं: सलारिया, खेत्रपाल, मनोज पांडे. तिघांनाही मरणोत्तर.

आता नौदलाच्या झेंड्याकडे. 'पंचाहत्तर वर्षं कुणी क्रॉस काढला नाही' असं जे सांगतात त्यांनी तारखा बघाव्यात. १५ ऑगस्ट २००१ ला तो काढलाच होता. पांढऱ्या कापडावर निळं नौदलचिन्ह आलं. तक्रार आली ती खलाशांकडून: निळं चिन्ह आकाशात आणि पाण्यात विरघळतं, लांबून ओळखू येत नाही. म्हणून २५ एप्रिल २००४ ला क्रॉस परत आला, मधोमध अशोकस्तंभ घेऊन. २०१४ मध्ये खाली 'सत्यमेव जयते' जोडलं गेलं. त्यामुळे क्रॉस परत आणणारे गुलाम मनोवृत्तीचे होते, हा आरोप मला पटत नाही. समुद्रावर झेंडा दिसायला लागतो, एवढा साधा हिशेब होता. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत, विक्रांत नौदलात आली त्या दिवशी आजचं निशाण आलं, शिवरायांच्या मुद्रेचे आठ कोन आणि दुहेरी सोनेरी किनार घेऊन. आधीच्या निळ्याला जी चौकट नव्हती, ती या वेळी आहे.

पुढचा टप्पा सिंधुदुर्गातला. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात नौदल दिन झाला. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. अ‍ॅडमिरल हुद्द्याच्या खांदेपट्ट्यांवर शिवरायांचा वारसा दिसेल अशी घोषणा झाली, आणि राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. खांदेपट्ट्या त्याच महिन्यात, २९ डिसेंबरला आल्या. अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण असलेल्या. पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही.

खांदेपट्टीचा टाका उसवला तर त्याच दिवशी कुणीतरी वरिष्ठ विचारतो, हे काय आहे. मालवणच्या समुद्राच्या वाऱ्यात पुतळा उभा करताना हे कुणी, कुठल्या टप्प्यावर, लेखी विचारलं होतं, एवढं सांगा. बाकी झेंड्यावरची भांडणं आपण पुढच्या नौदल दिनाला पुन्हा करूच.